इशारा जिल्ह्याला, पूर मात्र पुलावर

रोहिणी सरून मृग लागण्याच्या सुमारास दरवर्षी जिल्हाधिकारी कार्यालयांत मान्सूनपूर्व आढावा बैठका होतात. चंद्रपुरात होतात, गडचिरोलीतही होतात. बोटी किती, त्यांची इंजिने चालू आहेत काय, जीवरक्षक जॅकेटे किती, पट्टीचे पोहणारे कोणत्या गावात आहेत, नियंत्रण कक्षात रात्रपाळीला कोण, संपर्क तुटणाऱ्या गावांत धान्य पोहोचले की नाही, या साऱ्याची नोंद घेतली जाते. ही तयारी निरर्थक नाही. गडचिरोलीच्या दक्षिणेकडील दुर्गम गावांत पावसाळ्याचे धान्य आधीच पोहोचते, ते याच तयारीमुळे. परंतु या बैठकांच्या विषयपत्रिकेवर एक प्रश्न बहुधा नसतो. अमुक ठिकाणी अमुक इतका पाऊस झाला, तर अमुक पूल किती वाजता बंद करायचा आणि तो कोणी? पूर आल्यानंतर माणसांना बाहेर कसे काढायचे, याचा आराखडा आपल्यापाशी आहे. पुरात गाडी जाऊच नये म्हणून हवामानाच्या माहितीचा उपयोग कसा करायचा, याचा मात्र नाही.

चिमूर तालुक्याकडे पाहिले म्हणजे या उणिवेचा अर्थ नीट कळतो. नागपूर आणि चंद्रपूर ही दोन्ही शहरे येथून सुमारे शंभर किलोमीटरवर. तालुक्याच्या गावाला रेल्वे नाही. मोठा दवाखाना, महाविद्यालय, जिल्हा न्यायालय, बाजारपेठ, सारे काही रस्त्याच्या त्या टोकाला. पश्चिमेला वरोऱ्याचा रस्ता, उत्तरेला भिसीवरून उमरेड-नागपूरचा, पूर्वेला कानपा-नागभीडचा आणि दक्षिणेकडे नेरीवरून सिंदेवाहीचा. गावालगत उमा नदी. ताडोबाच्या जंगलाकडून उतरणारे नाले आखूड, उताराचे. दुपारी चारला कोरडे दिसणारे पात्र सहाला दुथडी भरते आणि पहाटेपर्यंत पुन्हा गुडघाभर होते. याच मुलखाची दुसरी बाजू वैनगंगेची. तिचा पूर सावकाश चढतो, सावकाश उतरतो आणि तीन-तीन दिवस ठाण मांडून बसतो. एकाच लोकसभा मतदारसंघात, गडचिरोली-चिमुरात, पुराचे हे दोन्ही स्वभाव नांदतात. नाल्याच्या पुराला तासांचा हिशेब लागतो, नदीच्या पुराला दिवसांचा. इशारा मात्र दोघांनाही एकच: जिल्ह्यात मुसळधार पावसाची शक्यता.

या भागातील बहुसंख्य नाल्यांवर आहेत ते रपटे आणि ठेंगणे पूल. स्थानिक वृत्तपत्रांत 'ठेंगण्या पुलामुळे संपर्क तुटला' हा मथळा इतका सरावाचा झाला आहे की वाचकाची नजर त्यावर थांबतही नाही. वास्तविक ठेंगणा पूल म्हणजे बिघडलेला पूल नव्हे. पाण्याखाली जाऊ शकेल असा पूल बांधणे ही अभियांत्रिकीतील एक मान्य रीत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने अशा पुलांसाठी २००८ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली. कमी रहदारीच्या रस्त्यावर उंच पूल परवडत नाही, म्हणून वर्षातून काही वेळा पाणी वरून जाऊ द्यायचे आणि तेवढा काळ रहदारी थांबवायची, असा तो हिशेब आहे. पाण्याला अडथळा नको म्हणून अशा पुलाचे कठडे मुद्दामच बुटके किंवा काढून ठेवता येण्याजोगे असतात. याचा अर्थ असा, की पुलाचा आराखडा करताना अभियंत्याने अर्धे काम दुसऱ्या कोणावर तरी सोपविलेले असते. पाणी चढेल तेव्हा वाहने थांबविणारा कोणी तरी असेल, हे त्याने गृहीत धरलेले असते. पूल बांधून झाला, उद्घाटन झाले, देयक अदा झाले. तो कोणी तरी मात्र नेमायचा राहून गेला. पुलांवरील अपघातांची चर्चा नेहमी उंचीपाशी येऊन थांबते. उंच पूल हवेतच, त्याबद्दल दुमत नाही. पण प्रत्येक नाल्यावर उंच पूल होईपर्यंत किती पावसाळे जातील, याचा अदमास गडचिरोलीतील शाळकरी पोरही सांगेल.

२८ सप्टेंबर २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटीची बस वाहून गेली आणि त्यात जीवितहानी झाली. पुलावरून पाणी वाहत होते. पुढल्याच वर्षी, जुलै २०२२ मध्ये, नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात नांदागोमुखनजीक मध्य प्रदेशातील पाहुण्यांची गाडी पुलावरून वाहून गेली. तिचे चित्रीकरण काठावरच्या लोकांनी केले आणि ते देशभर पाहिले गेले. दोन्ही घटनांनंतर चालकाच्या धाडसाबद्दल, अविचाराबद्दल पुष्कळ बोलले गेले. ते सगळेच चुकीचे नाही. तरीही एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. दोन्ही ठिकाणी पूल होता, पाणी होते, काठावर माणसे होती. नव्हता तो अडसर. 'येथून पुढे जाता येणार नाही' असे सांगण्याचा अधिकार असलेले माणूस तेथे नव्हते. पाण्यापाशी येऊन पोहोचलेल्या चालकाला त्या क्षणी स्वतःच अभियंता, जलशास्त्रज्ञ आणि दंडाधिकारी व्हावे लागते, आणि मागे बसलेले प्रवासी घड्याळाकडे पाहत असतात.

पाण्याचे बळ डोळ्यांना कळत नाही, हीच अडचण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने लोकशिक्षणासाठी वापरलेले आकडे सोपे आहेत: वाहते पाणी फूटभर असले तरी लहान मोटार वाहून जाऊ शकते आणि दोन फूट पाण्यात बहुतेक वाहनांचा टिकाव लागत नाही. दोन फूट म्हणजे मांडीइतके. त्यात आपल्याकडील पाणी गढूळ. खालचा पृष्ठभाग शाबूत आहे की अर्धा खचला आहे, हे दिसण्याची सोय नाही. ज्याने तो पूल उन्हाळ्यात शंभरदा ओलांडला आहे त्याला निदान कड कोठे संपते याचा अंदाज असतो. ताडोबाला म्हणून कोलारा प्रवेशद्वाराकडे निघालेल्या पुण्या-मुंबईच्या गाडीला तोही नसतो.

आता माहिती नाही काय, हा प्रश्न. माहिती आहे, आणि पूर्वी कधी नव्हती इतकी आहे. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार पूर्वानुमान देते आणि पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत इशारे प्रसृत करते. त्याखेरीज पुढील तीन तासांत काय होईल याचे तात्कालिक अंदाजही दिले जातात. नागपूरला डॉप्लर रडार आहे. चिमूरच्या आकाशात ढग दाटू लागले तर ते त्या रडारला दिसतात. दक्षिण गडचिरोलीचे तसे नाही, कारण अंतर वाढत जाते तसा रडारचा किरण जमिनीपासून उंच जातो आणि खालचे ढग त्याच्या नजरेतून सुटतात. राज्य शासनाच्या महावेध प्रकल्पात २०१७ पासून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यातील पहिले नागपूर जिल्ह्यातील डोंगरगावचे. ही केंद्रे पाऊस, वारा, तापमान, आर्द्रता यांची नोंद थोड्या थोड्या मिनिटांनी करतात. केंद्रीय जल आयोग मोठ्या नद्यांची पातळी मोजतो; वैनगंगेवर आष्टी, प्राणहितेवर टेकडा ही त्याची ठिकाणे गडचिरोली जिल्ह्यातच आहेत. विजेचा इशारा देणारे 'दामिनी' हे उपयोजन पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले. सर्वांच्या मोबाइलवर एकाच वेळी कर्कश आवाजात संदेश धाडण्याची यंत्रणा २०२३ मध्ये देशभर तपासून पाहण्यात आली. ती किंकाळी ऐकून किती जण दचकले होते, हे अनेकांना आठवत असेल.

मग एवढी माहिती असूनही पुलावर तिचा उपयोग का होत नाही? कारण ती गोळा करण्यामागील हेतू निराळे आहेत. महावेधची केंद्रे प्रामुख्याने शेतीसाठी, पीक विम्यासाठी. महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी झाली, आणि अतिवृष्टी झाली की पंचनामे. हा चोवीस तासांचा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी हाती येतो. नुकसानभरपाईसाठी तो पुरेसा आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तर अत्यंत मोलाचा आहे. पण काल सायंकाळी साडेपाचला निघालेल्या बससाठी त्याचा काय उपयोग? पासष्ट मिलिमीटर पाऊस दिवसभर भुरभुर पडला तर नाला शांतपणे वाहून नेतो. तोच तासाभरात कोसळला तर रपटा गडप होतो. रस्त्यासाठी लागणारा आकडा तासाचा, किंबहुना अर्ध्या तासाचा आहे. गंमत अशी की तो आकडा त्याच यंत्रात, त्याच खांबावर, त्याच वेळी नोंदला जात असतो. केवळ तो ज्याने पाहायचा त्याच्यापर्यंत कोणी नेत नाही. आणि पाहायचा कोणी, हेही ठरलेले नाही.

दुसरे कारण अंतराचे. पुलावर पडणारा पाऊस पुलाला बुडवीत नाही. बुडवितो तो वरच्या अंगाला पडलेला. त्यामुळे पुलापाशी उभे राहून आकाशाकडे पाहणे हा सर्वांत फसवा मार्ग आहे. याचा सर्वांत मोठा धडा ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मिळाला. मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवराचे पाणी सुटले, गोसीखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडावे लागले आणि ब्रह्मपुरी, देसाईगंज, आरमोरी, गडचिरोली या पट्ट्यात वैनगंगेने हाहाकार केला. ब्रह्मपुरी तालुक्यातील लाडजसारखी गावे पाण्याने वेढली गेली. पाऊस एका राज्यात, धरण दुसऱ्या जिल्ह्यात आणि बुडालेला रस्ता तिसरीकडे. मोठ्या नदीचे पाणी धरणापासून खाली यायला तास लागतात आणि हेच तास वाहतूक व्यवस्थापनाचे खरे भांडवल आहे. धरणातून किती घनमीटर विसर्ग होत आहे हे तेव्हा कळविले जात होते. आताही कळविले जाते. 'नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे' हे वाक्यही त्यासोबत असते. सतर्क राहावे म्हणजे नेमके काय करावे? इतका विसर्ग झाला तर इतक्या तासांनी अमुक रस्त्याचा अमुक सखल भाग पाण्याखाली जाईल, तेव्हा त्याआधी गाड्या अमुक मार्गाने वळवाव्यात, असे वाक्य लिहिता येईल इतके पूर या खोऱ्याने आता पाहिले आहेत.

भामरागडची कथा याहून विलक्षण आहे. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी यांच्या संगमावरचे हे गाव. पर्लकोटेवरचा जुना पूल ठेंगणा. इंद्रावती फुगली की तिच्या फुगवट्याने पर्लकोटेचे पाणी मागे सरते आणि पूल बुडतो. पाऊस छत्तीसगडात, बस्तरच्या पठारावर कोसळलेला असतो. २०१९ च्या पावसाळ्यात हे गाव पुन:पुन्हा जगापासून तुटले. उंच पुलाचे काम नंतर हाती घेण्यात आले. मात्र भामरागडकरांनी या काळात एक गोष्ट साधली, ती नोंदवायला हवी. पूल केव्हा बंद होणार, हे तेथे बऱ्यापैकी आधी कळते, कारण तेथील लोक पुराचा एक-एक हात मोजत जगले आहेत. गडचिरोली प्रशासनही पुरामुळे बंद असलेल्या मार्गांची यादी पावसाळ्यात वेळोवेळी प्रसिद्ध करते. अशी यादी निघते ही चांगलीच प्रथा आहे, आणि तिचे अनुकरण इतर जिल्ह्यांनी करावे. तिची मर्यादा एवढीच, की ती बंद झालेल्या मार्गांची यादी असते, बंद होऊ घातलेल्या मार्गांची नव्हे.

चिमूरसारख्या ठिकाणी रस्त्यावरील हवामानाची खरीखुरी माहिती ठेवणारा एक माणूस अगोदरच आहे, आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. तो म्हणजे बसस्थानकावरील वाहतूक नियंत्रक. खेड्यांतून परतणाऱ्या प्रत्येक गाडीचा चालक त्याच्या खिडकीपाशी येतो, नोंद करतो आणि जाता जाता सांगतो: नाल्याला पाणी चढले आहे, वळणावर झाड आडवे पडले आहे, पुलाच्या पलीकडची बाजू खचली आहे. कोणत्याही उपग्रहाला न दिसणारी ही माहिती. ती खिडकीपाशीच विरते. पुढची गाडी सोडायची की नाही हे त्या माहितीवर ठरते खरे, पण खासगी प्रवासी गाड्या, मालमोटारी, दुचाकीवरचे शिक्षक, रुग्णवाहिका यांच्यापर्यंत ती जात नाही. आणि गाडी रोखून धरण्याचा निर्णयही वाटतो तितका सोपा नाही. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये, ही सूचना चालकांना असते. परंतु फेरी रद्द झाली की किलोमीटर बुडाले, उत्पन्न बुडाले, त्याचे उत्तर खालच्या माणसाने द्यायचे. सायंकाळची मुक्कामी गाडी गेली नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावांतली मुले शाळेत पोहोचणार नाहीत, हेही त्याला ठाऊक असते. वरून लेखी आदेश असेल तर तो निर्धास्तपणे गाडी थांबवील. आदेश नसेल तर तो चालकालाच म्हणेल, पाहून घ्या, जमले तर जा. 'पाहून घ्या' या दोन शब्दांवर या दोन जिल्ह्यांची पावसाळी वाहतूक चालते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कायद्याची अडचण आहे असेही नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३४ नुसार धोक्याच्या क्षेत्रातील वाहनांची ये-जा नियंत्रित करण्याचा अधिकार जिल्हा प्राधिकरणाला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ मध्येही सार्वजनिक सुरक्षिततेसाठी वाहनांवर निर्बंध घालण्याची तरतूद आहे. लाल इशारा आला की शाळांना सुटी जाहीर करणारा आदेश रात्री नऊ वाजताही निघतो आणि दहापर्यंत प्रत्येक पालकाच्या मोबाइलवर पोहोचतो. म्हणजे हवामानाच्या माहितीवरून निर्णय घेणे आपल्या प्रशासनाला जमत नाही, हे खरे नाही. शाळेला एक मालक आहे, एक आदेश पुरतो. रस्त्याला मात्र मालक अनेक. एकाच चाळीस किलोमीटरच्या प्रवासात राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम विभागाचा राज्य मार्ग, जिल्हा परिषदेचा रस्ता आणि ग्रामसडक योजनेतील तुकडा असे चार प्रकार लागू शकतात. मध्येच वनविभागाची हद्द. पूल एकाचा, बॅरिकेड दुसऱ्याचे, पोलीस तिसऱ्याचा आणि पर्जन्यमापक चौथ्याचा. पाणी मात्र सर्वांचे एकच.

याच महाराष्ट्रात एक यंत्रणा अशी आहे की तिने हा गुंता सोडविला. कोकण रेल्वेने. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीनजीक रुळांवर दरड येऊन गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढल्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, आंबवलीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. कोकणातला पाऊस काही त्यानंतर कमी झाला नाही. बदलली ती गाड्या चालविण्याची पद्धत. पावसाळ्यासाठी स्वतंत्र वेळापत्रक आले, ज्यात वेग आधीच कमी धरलेला असतो. मार्गावरील नऊ स्थानकांत स्वयंनोंदणी करणारे पर्जन्यमापक बसले. रत्नागिरीजवळचा पानवल पूल, मांडवी, जुवारी आणि शरावती या ठिकाणी वाऱ्याचा वेग मोजला जातो. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाणी धोक्याच्या जवळ आले की सावध करणारी यंत्रणा आहे. जोराचा पाऊस होऊन समोरचे दिसेनासे झाले तर वेग ताशी चाळीस किलोमीटरवर आणायचा, असा चालकाला स्पष्ट आदेश आहे. यातील मर्म उपकरणांत नाही. असली उपकरणे आज कोठेही मिळतात. मर्म आहे ते आकडा आणि कृती यांच्या घट्ट गाठीत. पाऊस इतका, तर वेग इतका. वारा इतका, तर गाडी थांबेल. चालकाला 'पाहून घ्या' असे कोणी सांगत नाही, आणि गाडी उशिरा पोहोचली म्हणून त्याला कोणी जाबही विचारत नाही.

रेल्वेला एकच मालक, एकच नियंत्रण कक्ष, म्हणून तिला हे जमले, असा आक्षेप येईल. तो बरोबर आहे. पण रस्त्यावरही हे करून दाखविणारे आहेत. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात ११ डिसेंबर १९९० रोजी दाट धुक्यात एका महामार्गावर नव्याण्णव वाहने एकमेकांवर आदळली, बारा माणसे गेली. त्यानंतर त्या पट्ट्यात धुके मोजणारी उपकरणे, वेगमर्यादा बदलून दाखविणारे फलक आणि गरज पडल्यास महामार्गाची प्रवेशद्वारे बंद करण्याची सोय करण्यात आली. टेक्सासमधील ऑस्टिन शहराच्या परिसरात तर आपल्यासारखेच रपटे आहेत, आणि तेथेही माणसे गाडीसह वाहून जातात. तेथे अनेक रपट्यांवर पाणीपातळी मोजणारी यंत्रे बसविली, काही ठिकाणी रेल्वे फाटकासारखे अडसर लावले आणि कोणता रपटा बंद, कोणता चालू, हे नकाशावर कोणालाही पाहता येईल असे केले. उत्तर युरोपातील देश रस्त्यावरच्या बर्फासाठी जी महागडी केंद्रे चालवितात, त्यांचा आपल्याला काही उपयोग नाही. आपले दुखणे पाण्याचे आहे. महाराष्ट्रात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हवामान नोंदणारी साधने आणि संदेशफलक आले आहेत. तेथे पथकर आहे, म्हणून साधने आली. चिमूर-भिसी रस्त्यावर तशी कमान उभी करा, असे येथे कोणी म्हणत नाही.

म्हणायचे आहे ते फार कमी खर्चाचे. प्रत्येक तालुक्यात दरसाल बुडणारे पूल किती आणि कोणते, हे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या शाखा अभियंत्याला तोंडपाठ असते, पोलीस पाटलांना तर असतेच. त्या प्रत्येक पुलाच्या वरच्या अंगाला कोणत्या महसूल मंडळाचे पर्जन्यमापक आहे, ते नकाशावर शोधायला एक दुपार पुरेल. मागच्या चार-पाच पावसाळ्यांत पूल बुडाला त्या दिवशी, त्या तासाला त्या यंत्राने काय नोंदविले होते, हे पडताळून पाहिले की त्या पुलापुरता एक ढोबळ आकडा हाती येतो. एवढे झाले की उरते ती नेमणूक. आकडा ओलांडला गेला की तहसील कार्यालयातून कोणाला फोन जाणार, पुलाच्या दोन्ही बाजूंना दोर कोण बांधणार, बसस्थानकाला आणि १०८ च्या रुग्णवाहिकेला कोण कळविणार. मोबाइलला जंगलात रेंज नसते, ही सबब येथे टिकत नाही. रेंज नसलेल्या ठिकाणी निरोप पोहोचविणारे कोतवाल आणि होमगार्ड यंत्रणेत आहेतच. प्रवाशाच्या मोबाइलवर संदेश पोहोचला नाही तरी पुलापाशी दोर दिसला की पुरे. या कामाला समिती लागत नाही, निविदा तर मुळीच लागत नाही. कदाचित म्हणूनच ते होत नसावे.

दोन शंका मात्र गंभीर आहेत. पहिली खोट्या इशाऱ्याची. जिल्हा मोठा असल्याने नारिंगी इशारा खरा ठरूनही चिमुरात ऊन पडलेले असते, असे अनेकदा होते. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार जिल्ह्यात काही ठिकाणी मुसळधार पाऊस झाला की अंदाज बरोबर. परंतु ज्याच्या गावात थेंब पडला नाही त्याच्या लेखी 'लांडगा आला रे'चाच प्रकार. तीनदा असे झाले की चौथ्यांदा तो दोर ओलांडतो. म्हणूनच जिल्ह्याच्या इशाऱ्यावरून पूल बंद करता कामा नये. त्या इशाऱ्यावरून फक्त माणसे जागी ठेवावीत, आणि बंद करण्याचा निर्णय वरच्या मंडळातल्या पावसावरून घ्यावा. पाणी ओसरल्यावर पूल उघडण्याचेही तसेच. पाणी उतरले, स्लॅब आणि जोडरस्ता पाहून झाला की दोर लगेच सुटला पाहिजे. दोन दिवस कोरड्या पुलावर पडून राहिलेले बॅरिकेड लोकांना एकच गोष्ट शिकविते, ती म्हणजे बॅरिकेडला अर्थ नसतो.

दुसरी शंका माणुसकीची आहे आणि ती अधिक अवघड आहे. पूल बंद करणे म्हणजे कोणाचा तरी दवाखाना बंद करणे. गडचिरोलीत बाळंतपणाच्या तारखेआधीच गरोदर स्त्रियांना आरोग्य केंद्रालगतच्या माहेरघरात आणून ठेवण्याची योजना आहे, ती याच भीतीपोटी. खाटेवर, डोंग्यातून, खांद्यावरून रुग्ण नेल्याची छायाचित्रे दर पावसाळ्यात छापून येतात. अशा वेळी दोर बांधणारा होमगार्ड काय करील? पाणी आल्यावर त्याच्याजवळ उत्तर नसते. पण पाणी येण्याच्या तीन तास आधी उत्तर असते: ज्या गावात कळा सुरू झालेली बाई किंवा तापाने फणफणलेले मूल आहे, तेथून गाडी आत्ताच निघावी. आशा सेविकेला अशा घरांची माहिती असतेच. हवामानाच्या माहितीचा वाहतुकीत उपयोग करणे म्हणजे केवळ रस्ता बंद करणे नव्हे. जो तासाभराने बंद होणार आहे त्या रस्त्यावरून आधी कोण जाईल, हे ठरविणेही त्यातच येते. आज रुग्णवाहिका आणि रेतीची मालमोटार पुलापाशी एकाच वेळी पोहोचतात आणि दोघीही थांबतात.

पावसाळ्याखेरीजचे धोकेही आहेत, ते येथे ओझरते. मे महिन्यातील वादळी पावसात जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर झाडे कोसळतात आणि वाट अडते. पहाटे धानाच्या बांध्यांवर धुके उतरते तेव्हा रस्त्याकडेला उभी असलेली बिनदिव्याची मालमोटार दिसत नाही. तेथे पर्जन्यमापकाचा उपयोग नाही. लागतात ते परावर्तक आणि पहाटेची गस्त. पण पुलांचे काम आधी, कारण तेथे चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही.

सायंकाळी चार ते सहा ही या साऱ्यातील कळीची वेळ. दुपारभर तापलेल्या ढगांचा पाऊस याच सुमारास कोसळतो. याच सुमारास शाळा-महाविद्यालये सुटतात, आठवडी बाजार उठतो आणि मुक्कामी गाड्या खेड्यांकडे निघतात. चिमूरच्या बसस्थानकावर त्या वेळी वाहतूक नियंत्रकासमोर असते ती वेळापत्रकाची वही. गावापासून वीस किलोमीटरवरच्या महसूल मंडळात मागच्या तासाभरात किती पाऊस झाला, हा आकडाही त्याच वेळी एका खांबावरच्या यंत्राने टिपलेला असतो. तो शासनाच्या संगणकात पोहोचतो. नियंत्रकाच्या खिडकीपर्यंत अजून पोहोचलेला नाही.